आत्याबाईंनी वाचलेला काटा

आधी एक सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला देवभोळी म्हणायला नको. माझं लहानपण पीपलरावांत गेलं. गावाच्या नावातच पिंपळ, त्यामुळे मुंज्यांना काही तोटा नव्हता. प्रत्येक आळीचा आपापला मुंजा असायचा. माझे वडील तिथे कचेरीत कारकून होते आणि आम्हा बहिणींना मुद्दाम त्याच पिंपळाखाली सागरगोटे खेळायला पाठवायचे. तिन्हीसांजेला आम्ही सागरगोटे गोळा करून घरी यायचो, जेवायचो आणि झोपायचो. मुंजा काही कधी आला नाही. त्यामुळे या सदरात लोक भुताखेतांचं काय काय लिहितात ते मी वाचते आणि बरेचदा हसते. आज स्वतःच लिहायला बसले आहे, तर तुम्हीही हसा... माझी हरकत नाही.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचे हे तेव्हा धारला बांधकामखात्यात ओव्हरसियर होते. आज तिरला, उद्या गंधवानी, अशी रस्त्यांची आणि मोऱ्यांची कामं. घोड्यावर बसून बसून कंबर धरायला लागली, तेव्हा विलायतेला परत जाणाऱ्या एका साहेबाची जुनी, उघड्या टपाची मोटर ह्यांनी काही वर्षं आधीच घेतली होती. मोटर कसली, माझी सवतच ती. सुट्टीच्या दिवशी माणूस घरात कमी आणि तिच्या पोटाखाली जास्त.

तिच्यात पेट्रोल किती आहे ते पाहायला पूर्वी टाकीत काठी बुडवायला लागायची. ह्यांना ते गावंढळ वाटे. मग कुठल्याशा मोडलेल्या गाडीचा विजेवर चालणारा काटा इंदूरहून पैदा केला आणि रामरतन भियाला हाताशी धरून आमच्या गाडीला बसवला. रामरतन भिया म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी सायकली आणि पंप दुरुस्त करणारा माळवी मिस्त्री. या काट्याची करामत अशी, की मागच्या टाकीत कॉर्कचा एक गोळा तरंगत असतो. त्याला म्हणतात फ्लोट. गोळ्याला दांडी, दांडीला तार, आणि तार थेट पुढे स्टिअरिंगच्या चाकाजवळच्या काट्यापर्यंत. गोळा वर तरंगला की काटा ‘भरलेली’ दाखवणार, तळाला टेकला की ‘रिकामी’. आता हे बरोबर चालतंय का ते बघायचं तर माणसं दोन लागतात. एकाने मागे फ्लोट हातात धरून वर-खाली करायचा आणि दुसऱ्याने पुढे बसून काटा काय म्हणतो ते ओरडून सांगायचं.

हे दुसरं काम आत्याबाईंचं. आत्याबाई म्हणजे ह्यांच्या सख्ख्या आत्या. लहान वयात कपाळ पांढरं झालं, माहेरी परत आल्या, आणि ह्यांची आई गेल्यावर ह्यांना त्यांनीच लहानाचं मोठं केलं. दुपारी जप करायला निवांत जागा म्हणून त्या चक्क मोटरीच्या पुढच्या सीटवर जाऊन बसायच्या. काटा वाचायचं काम त्यांनी मागून घेतलं. डोळे शाबूत होते आणि आवाज असा खणखणीत, की वाड्याबाहेरचं कुत्रं उठून बसावं.

फक्त एक अडचण होती. आत्याबाई आयुष्यात कधी ‘संपलं’ म्हणाल्या नाहीत. आपल्या लोकांत हे नवीन नाही. बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात, नारळ वाढवतात, मंगळसूत्राची गाठ सुटली तर तेही वाढलं. पण आत्याबाईंची कमाल होती. तांदूळ वाढले, तेल वाढलं, मीठ वाढलं, इतकंच काय, दौतीतली शाई वाढली. मी सून म्हणून नवी आले तेव्हा एकदा ‘साखर संपली’ म्हणाले, तर त्या दिवशी माझ्याशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मला जवळ बसवून म्हणाल्या, “मुली, घरातल्या वस्तूला संपलीस म्हणू नये. तिला वाईट वाटतं, मग ती परत येत नाही.” मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, झालं... साखरेच्याही मानपानाचं बघायचं.

तर पहिल्यांदा काटा बसवला तेव्हा मागे रामरतन भिया आणि पुढे आत्याबाई. भियाने फ्लोट तळाशी नेला, आत्याबाईंनी काट्याकडे पाहिलं आणि ओरडल्या, “वाढलं!” भियाला आमच्या घरी येऊन-जाऊन मराठी बऱ्यापैकी कळायची, तेवढीच आडवी आली. तो मनात म्हणाला, फ्लोट खाली आणि काटा बढ़ी ग्यो? म्हणजे उलटं बसलंय. त्याने दांडी काढली आणि उलट वाकवून बसवली. चार दिवसांनी हे गंधवानीच्या कामावर निघाले. काटा भरलेली दाखवत होता आणि तिरल्याच्या पुढे गाडी गप्पकन उभी राहिली. हे बैलगाडीने घरी आले, सदऱ्यावर धुळीचा थर. भियाने कानाला हात लावून सांगितलं, “बाईसाब ने खुद कह्यो थो, बढ़ी ग्यो.” आत्याबाई म्हणाल्या, मी बरोबरच सांगितलं होतं. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून जेवढी हसले तेवढी पुन्हा कधी हसले नसेन. शेवटी ठरलं, की आत्याबाई काही बदलायच्या नाहीत. भरलं, पाऊण, अर्धं, पाव हे नेहमीसारखं, आणि ‘वाढलं’ म्हणजे रिकामं. भियाने तेवढं पाठ केलं.

मग एका माघात आत्याबाई गेल्या. झोपेतच गेल्या, कोणाला त्रास नाही. त्यानंतर पुढच्या सीटवर दुपारी कोणी बसेना. काही महिन्यांनी फ्लोटचा कॉर्क पेट्रोल पिऊन जड झाला, बुडाला, आणि काटा कायमचा ‘रिकामी’वर जाऊन बसला. हे पुन्हा काठी बुडवायला लागले. मी चेष्टेने म्हणायचे, आत्याबाई गेल्या आणि काट्याने सुतक धरलं.

आता मुद्द्याचं. आमची एकुलती एक मुलगी, कमल, देवासला दिलेली. जावई, वसंतराव, तिथे थोरल्या पातीत, म्हणजे देवासच्या थोरल्या संस्थानात, मास्तर. तिला दिवस गेले, आठवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, तेव्हा दिवाळी झाली की तिला धारला आणायचं ठरलं. एवढ्या अवघडलेल्या पोरीला घेऊन वाटेत पेट्रोल सरून उभं राहायला नको म्हणून ह्यांनी मुंबईहून नवा फ्लोट मागवला. पार्सल आलं तेव्हा रामरतन भिया कुठल्याशा नातलगाच्या लग्नाला गेला होता. ह्यांना दम कुठला. सकाळी कामाला लागले. टाकीच्या तळाचं बूच काढून होतं ते पेट्रोल डब्यांत काढलं, जुना फ्लोट काढला, नव्या फ्लोटला तारा जोडल्या आणि टाकीत बसवण्याआधी हातानेच हलवून बघायला लागले.

मी आत भाजीला फोडणी देत होते. अंगणातून आवाज येत होता, “भरलं... पाऊण... अर्धं...” मागून ह्यांचं “हं... हं.” थोडं थांबून “पाव.” पुन्हा “हं.” मग, “वाढलं.”

मी भाजी परतत होते. इतकी वर्षं ते कानावर पडलेलं, की मला त्यात काही वेगळं वाटलंच नाही. भाजीत मीठ घातलं, झाकण ठेवलं, आणि मग माझा हात तसाच झाकणावर राहिला.

बाहेर आले. पुढची सीट रिकामी होती. हे मागे गुडघ्यावर बसले होते, फ्लोट हातात, कपाळावर घाम, चेहऱ्यावर समाधान. माझ्याकडे न बघताच म्हणाले, अगदी बरोबर चाललंय. मी विचारलं, “काटा कोण वाचत होतं?”

ह्यांनी वर पाहिलं. “तूच ना?”

मी हातातला झारा दाखवला. हे उठले, पुढे गेले, सीटकडे पाहिलं, सीटखाली पाहिलं. फाटक आतून लावलेलं होतं. शेजारच्या वाड्यातली मंडळी गावाला गेलेली. मी विचारलं, आवाज कोणासारखा वाटला? हे हात पुसत राहिले. मग म्हणाले, तू आत्याची नक्कल करतेस असं वाटलं, म्हणून मी काही बोललो नाही. खरं सांगते, मला त्या वेळी भीती अशी वाटली नाही. ऊन होतं, भाजीचा वास येत होता, आणि आवाज घरचा होता. हे म्हणाले, भास. मी म्हटलं, एकच भास दोघांना? आणि तुम्ही तर त्यावर काम केलंत... ह्यांनी मला पुढे बसवून पुन्हा सगळं तपासलं. आधीचे सगळे आकडे बरोबर होते.

मग त्यांनी फ्लोट टाकीत बसवला, तळाचं बूच हाताने फिरवून लावलं आणि डब्यांतलं पेट्रोल ओतलं, काठोकाठ. मी पुढे काट्याकडे बघत बसले होते. काटा हळूहळू चढत गेला आणि ‘भरलेली’वर थांबला. मी मोठ्याने म्हटलं, “भरलं.”

माझ्या डाव्या खांद्याशी, अगदी हलक्या आवाजात, कोणीतरी म्हणालं, “वाढलं.”

या वेळी ह्यांना काही ऐकू आलं नाही. मी उतरले आणि सांगितलं. ह्यांनी काठी बुडवली. काठी वरपर्यंत ओली. म्हणाले, भरलेली आहे, डोळ्यांनी बघ. मी पाहिलं, भरलेलीच होती. टाकी भरलेली आहे... मग काय वाढलं? आमच्या घरात ‘वाढलं’ या शब्दाला एकच अर्थ होता.

हे पाना घ्यायला आत वळले तेवढ्यात फाटकावर तारवाला. वसंतरावांची तार. कमलची तब्येत बिघडली आहे, मोटर घेऊन ताबडतोब या. हातातलं सगळं तिथेच टाकलं. मी बाळासाठी शिवून ठेवलेल्या दुपट्यांचं गाठोडं उचललं. आत्याबाईंच्या जुन्या मऊ लुगड्यांची होती ती. विधवेचं लुगडं बाळाला कशाला, असं एक-दोघी बोलल्या होत्या, मी लक्ष दिलं नव्हतं. भाजी तशीच चुलीवर राहिली. आम्ही जेवलोही नाही.

धार सुटलं. हे मला म्हणाले, मोटर एवढ्यासाठीच मागवली असेल, की गरज पडली तर तिला इंदूरला मोठ्या दवाखान्यात नेता यावं. मी हो म्हटलं. मनात तो शब्द फिरत होता, आणि तो ह्यांच्यापाशी उच्चारायचं धाडस होत नव्हतं. काटा बघायची सवय म्हणून बघत होते. इंदूर आलं तेव्हा तो अर्ध्याच्या थोडा वर होता. ह्यांनी हिशेब केला, की देवासपर्यंत पुरून उरेल, पेट्रोल तिथे घेऊ, आता थांबायला नको. मलाही तेच हवं होतं.

इंदूर सुटलं आणि काटा घसरायला लागला. पाववर आला. मग पावच्या खाली. हे म्हणाले, नवा माल आहे, बसायला वेळ लागतो, खोटं दाखवत असेल. क्षिप्रा नदीच्या अलीकडे इंजिन खोकलं, दोन आचके दिले आणि बंद पडलं. दोन्ही बाजूंना हरभऱ्याची शेतं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. हे खाली वाकले आणि बराच वेळ उठेचनात. मी उतरून पाहिलं. टाकीच्या तळाचं बूच नव्हतंच. पान्याने आवळायचं राहून गेलं होतं. खडबडीत रस्त्याने सैल झालं आणि कुठेतरी पडलं. त्या भोकातून एक थेंबही पडत नव्हता. ह्यांनी वरून काठी बुडवली. काठी कोरडी आली. हाताने पुसून पाहिली, वास घेऊन पाहिला. काटा खरंच सांगत होता.

हे रस्त्याच्या कडेला बसले. मी ह्यांना असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, मी चालत जातो, कोणाची बैलगाडी मिळते का बघतो. चालत म्हणजे संध्याकाळ होणार, हे दोघांनाही कळत होतं. पोरगी तिकडे वाट बघत होती... आमची नाही, मोटरीची. मी गाठोडं सोडलं, एक दुपटं काढून त्याचा टोकाचा तुकडा फाडला, बरोबरच्या पाण्याने ओला करून गाठोड्यात बाळासाठी ठेवलेल्या साबणाच्या वडीवर घासला आणि ह्यांच्या हातात दिला. म्हटलं, भोक बंद करा.

“आत काही नाही. बंद काय करायचं?”

“तरी बंद करा.”

का म्हणाले ते मला अजून सांगता येत नाही. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, वाद घातला नाही, खाली सरकले आणि तो बोळा भोकात घट्ट बसवला. मग सवयीने, जसं इतकी वर्षं आत्याबाईंना विचारायचे तसं, गाडीखालूनच ओरडले, “काटा?”

मी पुढच्या सीटवर होते. काटा अगदी तळाला टेकलेला. ‘संपलं’ हा शब्द माझ्या ओठांवर आला होता, आणि तो माझ्याने बोलवेना. माझी पोर तिकडे मरणाच्या दारात आणि मी इथे बसून संपलं म्हणू? आयुष्यभर ज्या बोलण्याला हसले ते त्या दिवशी मला कळलं. मी म्हटलं, “वाढलं.”

हे बाहेर आले, पुढे गेले आणि हँडल मारलं. पहिल्याच फेऱ्याला इंजिन सुरू झालं.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. मला वाटलं, बघितलं तर ते थांबेल. क्षिप्रा ओलांडली. पुढचा चढ चढलो. मी डोळे मिटून बसले होते, उघडले तेव्हा देवासची टेकडी दिसत होती. काटा होता तिथेच, तळाला. वसंतरावांच्या दारात गाडी उभी राहिली आणि तिथे बंद पडली. शेजारच्या मंडळींनी धावपळ करून पेट्रोलचे डबे आणले. ओतायच्या आधी ह्यांनी काठी बुडवली. मी शेजारी उभी होते. काठी कोरडी.

पुढचं थोडक्यात सांगते. सुईणीने हात टेकले होते, अंगावरून रक्त जात होतं, आणि गावात त्या दिवशी दुसरं वाहन मिळत नव्हतं. कमलला मागच्या सीटवर माझ्या मांडीवर घेतलं आणि आल्या रस्त्याने इंदूरला नेलं. बोळा टाकीला तसाच होता, टिपूस गळला नाही. पहाटेच्या आत मुलगी झाली, एवढीशी, पण रडली मोठ्याने. डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या, आणखी उशीर झाला असता तर दोघींपैकी कोणीच हाती लागली नसती. मी त्यांच्यासमोर ढसाढसा रडले. दिवसभरात तेव्हाच पहिल्यांदा रडले.

आता तुम्ही विचाराल, याचा उलगडा काय. ह्यांच्यापाशी एक आहे. इंजिनाजवळ एक लहानशी टाकी असते, मोठी रिकामी झाली तरी तिच्या तळाशी थोडं उरतं, त्यावर मैल-दोन मैल जाता येतं. मग मी विचारते, लहान टाकीत होतं तर इंजिन बंद का पडलं? म्हणतात, काही कचरा अडकला असेल, नंतर सुटला. आणि क्षिप्रेपासून देवास मैल-दोन मैल आहे का? यावर हे चष्मा पुसायला घेतात. रामरतन भिया लग्नाहून परत आल्यावर त्याला सगळं सांगितलं. त्याने गाडीखाली जाऊन तो बोळा पाहिला, बाहेर आला, आणि नवं बूच बसवायच्या आधी पुढच्या रिकाम्या सीटला हात जोडले.

आवाजाबद्दल तर ह्यांनाही काही सुचत नाही. आणि माझा घोळ वेगळाच आहे. भरलेल्या टाकीवर आत्याबाई ‘वाढलं’ म्हणाल्या, त्या मला सावध करत होत्या की हे सगळं वाहून जाणार आहे? की सांगत होत्या, घाबरू नकोस, पुरेल? त्यांच्यापाशी सरण्याला आणि वाढण्याला शब्द एकच होता. मी दोन्ही अर्थ लावून पाहिले, दोन्ही बसतात.

ती मुलगी आता शाळेत जाते, हिंदी शाळेत, त्यामुळे मराठी बोलते ती अशी धेडगुजरी की आत्याबाईंनी कपाळावर हात मारला असता. सुट्टीत धारला आली की तिचा मुक्काम लाडवांच्या डब्यापाशी. परवा तळाशी हात घालून ओरडली, “आजी, लड्डू खतम, संपले!”

मी चुलीपुढून उठून आले. तिला म्हटलं, “संपले नाही म्हणायचं. वाढले म्हण.”

तिने रिकामा डबा उलटा करून मला दाखवला आणि विचारलं, का? मी डबा तिच्या हातातून घेतला आणि लाडू वळायला बसले.